एक टोक की दोन?

हॅलो?… हां ताई, बोल… हो, आत्ताच आलो दवाखान्यातून, बूटही काढले नाहीत अजून… नाही गं, इंजेक्शन वगैरे काही नाही. नुसतं मोजलं… अगं हसतेस काय, ऐक ना.

ती फिजिओथेरपीवाली डॉक्टरीण आहे ना… हो, तीच. ज्यांची कंबर वर्षानुवर्षं दुखते, त्यांना आपलीच पाठ नीट कळेनाशी होते म्हणे. किती कळते, ते ती मोजते… कंपासासारखं असतं, दोन टोकांचं. पाठीला टेकवते आणि विचारते, एक टोक की दोन?

दोन महिन्यांपूर्वीचं तुला बोललो नव्हतो… दोन टोकांत आठ सेंटिमीटर अंतर, आणि मी आपला ‘एकच, एकच’ म्हणतोय. रंधा मारलेल्या फळीवरचा केसाएवढा उंचवटा मला बोटाला कळतो. सुतार ना मी… आणि स्वतःची पाठ कळेना. लाज वाटली गं.

आज?… पाच… हो, पाच सेंटिमीटरवरही दोन टोकं वेगळी कळली. दुखणं पळालं असं नाही, पण मोजे घालायला बायकोला हाक मारावी लागत नाही. काल एक दरवाजा बसवला, एकट्याने…

कशाने?… सरावाने. पाठीवर पेनाने नऊ ठिपके काढायचे, पेन्सिल टेकवायची, कितवा ठिपका ते मी सांगायचं… कोण करणार? हिची तर सकाळची पाळी… बाबा… हो, आपलेच बाबा. थट्टा नाही करत. चहा झाला की स्वतःच म्हणतात, शर्ट काढ…

हो ना, ‘नाटकं बंद कर’ म्हणणारे बाबा. कंबर दुखते म्हटलं की नऊ वर्षं तेच ऐकलं मी… पहिले दोन दिवस पुटपुटले. मग मी चुकलो की म्हणायला लागले, ‘सात नाही रे, आठ. सावकाश सांग, घाई नाही.’ पेन्सिल बरोब्बर ठिपक्यावर टेकवतात.

थांब, पुढचं ऐक. आज सोबत आले होते. माझं मोजून झालं, तर हे उठून शर्टाची बटणं काढायला लागले. म्हणे, माझीही बघा… डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजोबा, कधीपासून दुखतंय? तर म्हणाले, बत्तीस वर्षं होतील…

हो, बत्तीस… कोणालाच सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही… मी त्यांचा शर्ट हातात धरून उभा राहिलो.

अगं, रडतेस कशाला, मजेत आहेत ते. बसमध्ये शेजारच्या माणसाला सगळं समजावून सांगत होते. उद्यापासून त्यांच्या पाठीवर मी ठिपके काढणार…

एक मिनिट, आतून काही म्हणतायत… काय बाबा?… हो, ताईच आहे… बरं, विचारतो.

ताई, बाबा विचारतायत, धाकटीच्या वेळच्या बाळंतपणानंतर तुझी कंबर दुखायची, ती अजून दुखते का?… ताई?… नाही, मला नको सांगूस. थांब, त्यांच्याकडेच देतो फोन.