सहाव्या चाचणीचा होकार

खरं सांगते, मी फक्त विरजण मागायला गेले होते. शेजारची रुखसार उंदरांवर करून पाहिलेल्या नव्या औषधाचे आकडे तपासत होती. दुसऱ्या दिवशी प्रबंध द्यायचा होता.

“काय करून राह्यली वं?”

“काकू, औषधाचा गुण आला का, ते पाहून राह्यली. आकडेमोडीच्या पाच चाचण्या नाही म्हणतात, सहावी हो म्हणते. सहावीच लिहून टाकते.”

“आदी कोणती ठरवली होती?”

“पहिली.”

“आमच्या नणंदेच्या पत्रिकेला पाच भटजींनी नाही म्हटलं, सहाव्यानं जुळवली.”

“मंग?”

“मंग काय? सहा महिन्यांत कायमची माहेरी आली.”

रुखसारनं सहावी सोडून पहिलीच लिहिली. औषधाला गुण नाही हे वाचून तिचे मार्गदर्शक सर रागावले नाहीत; ही अक्कल कोणी दिली, एवढंच त्यांनी विचारलं. पोरीनं आमच्या नणंदेचं नाव सांगितलं.