पिवळी माती

समोरच्या सीटवरच्या मुलीच्या नखांत माती होती. बागेतली काळी नव्हे, खोलवरची, पिवळसर आणि चिकट. लुडविग्सहाफेनला प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ऊर्मिलेनं ती आधी पाहिली, मग एस-बान लोकलमध्ये मराठी ऐकू आलं म्हणून मान वर केली. वडील मराठीत बोलत होते. मुलगी जर्मनमध्ये उत्तरं देत होती.

“अन्वी, आजीनं पुण्यात पेढे वाटलेत. नात कॉम्प्युटरला जाणार म्हणून.”

“तिला कोणी सांगितलं?”

“मीच. दोन वर्षं विचारतोय, तू आपली ‘बघू’ म्हणतेस. मग काय सांगू?”

“उन्हाळाभर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या केल्ट लोकांची थडगी खणतेय, बाबा. ते दिसलं नाही?”

“छंद म्हणून खण की! पण वर त्यांच्या भाषा कशाला शिकायच्या? बोलतं कोण त्या आता?”

“वेल्समध्ये बोलतात. आयर्लंडमध्येही. घरात, मुलांशी.”

“आणि तू घरात बापाशी मराठी बोलत नाहीस. निघाली केल्टिक शिकायला!”

“गेनाऊ, अगदी बरोबर. भाषा घरातून कशी जाते, ते मला आधीच ठाऊक आहे.”

वडिलांनी फोनवर तारीख पाहिली.

“आल्झो, तर मग, शुक्रवारी प्रवेशाची मुदत संपते. आजीला मी काय सांगू?”

“तू नको सांगूस. लाव फोन.”

पलीकडून “हॅलो” आलं, तशी मुलगी एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली, “आजी, पेढे परत मागू नकोस. पण मी कॉम्प्युटर नाही शिकणार. मी बॉनला जाणार. केल्टिक भाषा शिकणार, आणि खणणार.”