'गाडी लावू नये'

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर शाळेतल्या एक बाई बसल्या होत्या. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही असं ठरवून त्या कान देऊन ऐकत होत्या. पाट्या रंगवणारा पेंटर आतून आला आणि बायकोशेजारी टेकला.

"काय म्हणाले?"

"गुडघ्याजवळ हाडालाच कोंब फुटलाय. साधी गाठ. वाढत नसेल तर हात लावायचा नाही."

"वाढत नाही हे कसं कळणार?"

"दहा वर्षांपूर्वीचा एक्स-रे मागितला."

"तो तर तुम्ही कापलात."

"'गाडी लावू नये'चा साचा केला होता. माझ्यासारखा शहाणा शोधून सापडायचा नाही. तोच दिला."

"तसाच?"

"त्यांनी दिव्यावर धरला. 'गाडी' मांडीवर, 'लावू नये' नडगीवर, मधल्या जागेत गाठ शाबूत. मोजली. तेव्हाही एवढीच होती."

"म्हणजे काळजी नाही?"

"काडीची नाही. आठ दिवस मरणाच्या भीतीनं तुझ्याशी गोड बोललो, भांडी घासली, तुझ्या आईला दोनदा फोन केला. सगळं वाया."

बायकोनं पिशवी उचलून खांद्याला अडकवली.

"परत कधी दाखवायचंय?"

"वर्षानं."

"एवढी लांबची तारीख कशाला घेतलीत?"