रविवारचा राजीनामा

सरकारी गिरणीत लागताना मी एकदाच सही केली होती, कायम नोकरीची. परवा अलेक्झांड्रियाच्या कामगार विमा दवाखान्यात, खिडकीपाशी, माझ्यापुढे खासगी कारखान्यातली एक शिलाईवाली होती. उजवा हात पट्टीत. खिडकीमागचा कारकून तिला म्हणाला,

“इन्शिराहबाई, इथे उपचार मिळणार नाहीत. तुम्ही रविवारीच नोकरी सोडलीत. कारखान्यानं तुमचा राजीनामा पाठवलाय.”

“अहो, सोमवारी त्यांच्याच मशीनखाली बोटं गेली, तेव्हा मी तिथे काय चहा प्यायला गेले होते?”

“सही तुमचीच ना?”

“माझीच. कामावर घेतानाच राजीनाम्यावर सही घेतात, तारीख कोरी ठेवून. न देणारीला फाटकाच्या आत घेत नाहीत.”

“मग रविवारची तारीख कोणी घातली?”

“ज्याची बोटं शाबूत आहेत त्यानं, साहेब!”