गणूच्या बारा जोड माश्या

महाडच्या पोस्टात माझ्यापुढे तुडीलचा गणू उभा होता, हातात पुठ्ठ्याचा डबा धरून. त्याच्या गावची सुंदराबाई माझ्या मागे होती. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आत काय आहे?"

"बारा जोड माश्या."

"जिवंत प्राणी पोस्टानं जात नाहीत, काका."

"जिवंत नाय वो. गळाला लावायच्या, मी पिसांच्या बांधल्यात. जोडीतली एक पाण्यावर तरंगते, दुसरी तिच्याखाली दोऱ्याला लोंबते. वरची बुडाली की समजायचं, खालचीला मासा लागला."

"मग पाठवता कशाला? सावित्री नदी तर तुमच्या दारात आहे."

"अदलाबदल हाय. आम्ही माश्या बांधणारे बारा जण हाव. सगळ्यांनी बारा-बारा जोड बांधून पुण्याला एकाकडं धाडायच्या, तो दर एकाला सगळ्यांची एकेक जोडी परत धाडतो."

"म्हणजे माश्या देऊन माश्याच घेणार?"

"येगयेगळ्या."

"आणि मासे किती लागले?"

"अजून गळ टाकलाच नाय. बांधण्यातच येळ जातो."

मागून सुंदराबाई म्हणाली, "गणू, पिसं तांबडी हायत काय रे?"

"हायत थोडी."

"आमच्या कोंबड्याची मान उघडी पडली. मी महिनाभर मुंगसाला शिव्या घालतेय."

गणूनं डबा खिडकीत सरकवला.

"पाठवणाऱ्याचं नाव सांगा," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"माझं लिवा," सुंदराबाई म्हणाली. "पिसं माझी हायत."

"लिवा तिचं," गणू म्हणाला. "खाली बारीक अक्षरात माझंबी घाला. बांधल्यात मी."