एकमताने चूक

नीला : माझ्या सहीसाठी आणलेल्या या पत्रात 'स्वखुशीने' हा शब्द तीनदा आलाय, परशराम. बारा ओळींत.

परशराम : संमेलन समितीच्या मंडळींनी तसंच सांगितलं. बाई, माझी ही तिसरी खेप. दर वेळी 'बघते' म्हणतासा. तुमच्या कादंबरीचं प्रकाशन रविवारी हाय, पत्रिकेत छापलंय.

नीला : आणि पत्र दिलं नाही तर?

परशराम : प्रकाशन रद्द. ठराव झालाय, एकमतानं.

नीला : मला बैठकीला बोलावलं नव्हतं.

परशराम : तुम्ही आला असता तर एकमत कसं झालं असतं?

नीला : कादंबरी वाचली कुणी?

परशराम : समितीतल्या भरमाअण्णांनी. शेवटची धा पानं. त्यांनी बैठकीत सांगितलं, क्रांतीनंतरचं पहिलंच सरकार, यंत्र मोडलं म्हणून एका इंजिनिअरवर खटला, आणि तो कबुली लिहून देतो.

नीला : जे यंत्र कारखान्यात आलेलंच नव्हतं, ते मोडल्याची.

परशराम : तेच की. न केलेल्या गुन्ह्याच्या कबुलीवर सही करणारा नायक सीमाभागात चालंल व्हय? सत्तर वर्सं आम्ही माघार घेतली न्हाय. नागेंद्र वकील म्हणाले, आजकालच्या कादंबऱ्यांत असल्या खटल्यांचे आरोपी सगळे भेकडच. तर ओमकार कॉम्रेड म्हणाले, न्यायाधीश लई वाईट दाखवलाय. राज्य पहिल्यांदाच हातात आलेलं, चुका व्हायच्याच.

नीला : न्यायाधीश फक्त एक प्रश्न विचारत नाही, यंत्र कुठे आहे.

परशराम : दोघांचं पटतंय ते एवढ्यावरच, की चूक तुमची.

नीला : म्हणजे त्याने सही केली ही चूक झाली, असं मी सही करून द्यायचं.

परशराम : व्हय. आता कसं ध्यानात आलं.

(नीला पत्राची घडी घालून त्याच्यासमोर ठेवते.)

परशराम : बाई, मी तुमच्या रसायनाच्या वर्गातला. अकरा वर्सं लिवलंय तुम्ही हे. एका सहीपायी घालवू नगासा. मी अजून वाचलं न्हाय, पण चांगलंच असणार.

नीला : वर्गातही तू प्रयोग न करताच निष्कर्ष लिहायचास.

परशराम : आणि तुम्ही मार्क द्यायचा.

नीला : ती माझी चूक. ती लिहून देते.

परशराम : चेष्टा नगं, बाई. खाली गाडीत समितीतली दोघं थांबल्यात. काय सांगू त्यांना?

नीला : इंजिनिअरने सही केली तेव्हा त्याच्या मुलीला धरून नेलं होतं. माझा फक्त रविवार जाईल. सांग त्यांना, मी सही करणार नाही.