एल्डनच्या रकान्यातली मालिका

हो, त्या वहीतली लाल शाई माझी आहे. माझा भाऊ एल्डन यानं लिहिलेल्या दुपारच्या सगळ्या नोंदी मीच खोडल्या आणि समासात ‘असत्य’ असं लिहिलं – त्याचा दोष दुसऱ्या कुणालाही देऊ नका. बसा. त्या खुर्चीत नको, ती एल्डनची. घरातल्या प्रत्येकानं टीव्हीवर काय पाहिलं ते आपापल्या रकान्यात लिहावं, ही तुमच्या टीव्ही-पाहणी करणाऱ्या कंपनीचीच सूचना ना? मग मी ती पाळली. बातम्या, हवामान, रविवारची प्रार्थना – काय म्हणालात? कुस्ती? कुस्ती लागली होती तेव्हा मी खोलीत होते, पाहत नव्हते. या दोन्हींत फरक आहे, आणि तो तुमच्या कंपनीला कळायला हवा.

तर एल्डन. बायको गेल्यावर त्यानं शेत विकलं आणि तो माझ्याकडे राहायला आला. दुपारी मी चर्चच्या तळघरात असते – आम्ही बायका तिथे मिशनसाठी गोधड्या शिवतो – आणि घरी तो एकटा. आणि वहीत रोज काय? तर इस्पितळाची ती रडकी मालिका, पहिल्यापासून शेवटपर्यंत! अहो, ज्या माणसानं जन्मभर डुकरांच्या बाजारभावाखेरीज काही ऐकलं नाही, तो मालिका पाहतो? मला तेव्हाच संशय आला. एके दिवशी दोरा संपला म्हणून मी लवकर परतले, मालिका अजून चालू असायच्या वेळी. घरात कुणी नाही. नोंद मात्र झालेली, शाईसुद्धा वाळलेली. मी टीव्हीच्या माथ्यावर तळहात ठेवला – गार! जुना संच आहे, थोडा वेळ लावला तरी तव्यासारखा तापतो. म्हणजे कार्यक्रम सुरू होण्याआधीच नोंद करून महाशय बाहेर पडले होते.

जेवताना मी त्याची परीक्षा घेतली. घ्यायलाच हवी होती, जन्मभर शाळेत शिकवलंय मी. म्हटलं, “एल्डन, त्या डॉक्टरच्या दुसऱ्या बायकोचं आज काय झालं रे?” आणि हा गृहस्थ घडाघडा सांगू लागला – ती शुद्धीवर कशी आली, तिनं नवऱ्याला कसं ओळखलंच नाही – सांगता सांगता डोळे पुसले हो त्यानं! दुसऱ्या दिवशी बेथला, माझ्या शेजारणीला, विचारून पाहिलं. एक अक्षर चुकलं नव्हतं. आता सांगा, संच गार आणि उत्तरं बरोबर. म्हणजे काय? म्हणजे दुसऱ्याच्या घरी बसून पाहिलं. आणि जोडे कुणासाठी चकाकत होते? ओट्यावरचा तो लिंबाच्या वड्यांचा डबा कुणाचा होता? आमचा नव्हे. आमच्या डब्यांवर नावं असतात.

लव्हर्न टॉफ्ट. धान्याच्या कोठाराच्या पलीकडे राहते, विधवा आहे, गेल्या नाताळात तिनं रंगीत टीव्ही घेतला. निळा सोफा, ती या टोकाला, हा त्या टोकाला, आणि मध्ये लोकरीचा गुंडा, तो यानं धरलेला – मला कसं ठाऊक? रस्त्यावरून जाताना दिसतं. हो, मागच्या रस्त्यावरून. हो, तिथे कुंपण आहे. तुम्ही टीव्हीची चौकशी करायला आलात की माझी?

त्यांना तसं पाहिलं त्याच रात्री मी लाल पेन उचललं. सकाळी त्यानं वही पाहिली आणि – आयुष्यात पहिल्यांदा – माझ्यावर आवाज चढवला. “आर्डिस, मी तुझ्या वर्गात नाही! पाहिलं तेच लिहिलंय मी.” मी सूचना वाचून दाखवली: ज्या घरात वही दिली, त्याच घरातल्या संचावर पाहिलेलं लिहावं. तर म्हणाला, “मग कंपनीला कळव, ते घरही आता माझंच होणार आहे.” मी म्हटलं, “कोण म्हणतं?” तर म्हणाला, “लव्हर्न म्हणते. तुला कसं सांगावं तेच कळत नव्हतं. तू इतकी एकटी, म्हणून.” मी! एकटी! मला वाचन आहे, चर्च आहे, गोधड्या आहेत – कॉफी घ्या ना, निवते आहे.

रविवारी प्रार्थनेनंतर याच टेबलाशी सगळं ठरलं. पाद्री होते, लव्हर्न होती, एल्डन होता. लग्न मक्याच्या काढणीनंतर, चर्चमध्येच; खाली तळघरात सर्वांना कॉफी आणि हॅम. पाद्रींनी संमती दिली, लव्हर्ननं दिली, एल्डनला तर विचारायचीही गरज नव्हती. मग तिघं माझ्याकडे पाहू लागले. लव्हर्न म्हणाली, “आर्डिस, दुपारी तूही येत जा, सोफा मोठा आहे.” काही उत्तर देणार होते मी, चांगलं मुद्देसूद. पण एल्डन माझ्याकडे असा पाहत होता, की मी नुसतं ‘बरं’ म्हटलं.

नाही, पुढच्या वेळी वही पाठवू नका. वहीत आता एकट्या माझंच नाव उरणार, आणि ती तपासायला घरात दुसरं कुणी नसेल. लग्नाला माझी संमती आहे, तेवढं लिहून घ्या. आणि आता निघा.